डिकीतला वाकडातिकडा बॉक्स, लिटर कसे मोजायचे?

प्रश्न: डिकीच्या कोपऱ्यात बसेल असा फायबरग्लासचा सबवूफर (बासचा स्पीकर) बॉक्स करतोय, पण आकार असा वेडावाकडा की आतली जागा मोजायची कशी? आणि मॅटचे (काचेच्या तंतूंच्या कापडाचे) थर किती द्यायचे?

उत्तर: बॉक्समध्ये थर्माकोलचे दाणे भरा आणि तेच दाणे एका चौकोनी खोक्यात ओतून खोक्याची आतली लांबी, रुंदी आणि दाण्यांची उंची सेंटिमीटरमध्ये गुणा, 1000 ने भागलं की लिटर मिळतात, त्यातून सबवूफर स्वतः खातो ती जागा वजा करायची, हे बरेच जण विसरतात. थर मोजू नका, जाडी बघा, निदान 6 मिमी हवी, सपाट भागाला जास्तच द्या कारण तोच आधी थरथरतो आणि बास फुसका होतो. रेझिनचं (मॅट घट्ट करणाऱ्या रसायनाचं) काम मात्र उघड्यावर, रेस्पिरेटर लावूनच करा, प्लीज.