तपासणीला जाण्याआधी

प्रिय मुली,

प्रदूषण नियंत्रणाच्या कामाला लागलीस, एमआयडीसीच्या फेऱ्याही सुरू झाल्या असतील. तू पाकीट घेणारी नाहीस, म्हणून त्यावर शाई खर्चत नाही. मला काळजी आहे ती तुझ्या भिडस्तपणाची.

पुण्यात दोन माणसं भेटली की तिसऱ्या वाक्याला ओळख निघतेच. कारखान्याचा पर्यावरण अधिकारी तुझ्याच कॉलेजचा, दोन वर्षं पुढचा. अदबीने बोलतो, सीओडी-बीओडीचे, म्हणजे सांडपाणी किती घाण आहे ते सांगणारे, आकडे त्याला तोंडपाठ. विहिरीचं पाणी बिघडलं म्हणून आलेला शेतकरी मात्र आवाज चढवतो, अर्जावर तारीख घालायला विसरतो. कुणाचं म्हणणं तुला शास्त्रशुद्ध वाटेल? ज्यांच्यात आपली ऊठबस, त्यांच्या अडचणी आपल्याला अडचणी वाटतात. इतरांच्या नुसत्या कटकटी.

अर्थशास्त्रज्ञ जॉर्ज स्टिगलर यांनी 1971 मध्येच मांडलं होतं की उद्योगावरचं सरकारी नियंत्रण बहुधा त्या उद्योगाच्याच सोयीचं असतं. पण त्यांचा सगळा हिशेब स्वार्थाचा. मला तो अपुरा वाटतो. 2011 च्या फुकुशिमा अणुप्रकल्पातल्या अपघाताची चौकशी जपानच्या संसदेने नेमलेल्या आयोगाने केली. सरकार, नियंत्रक आणि टेपको ही वीज कंपनी यांच्या साटंलोट्यावर त्याने 2012 च्या अहवालात थेट बोट ठेवलं. अणुऊर्जेचा प्रसार ज्या मंत्रालयाकडे, तेव्हा नियंत्रक संस्थाही त्याच्याच छपराखाली होती! एकाच कँटीनमधली माणसं एकमेकांना कितपत खडसावणार?

आपल्या 1974 च्या जल कायद्यात सांडपाण्याचा नमुना घेण्याची रीत दिलीय: आधी नोटीस, मग मालकाने मागितल्यास त्याच्यासमोर दोन भाग, सील, सह्या. बाटलीची एवढी काळजी घेतलीय. बाटली भरणाऱ्याची तुलाच घ्यावी लागेल.

तेव्हा कंपनीची गाडी नको, ऑफिसची जीप मिळेपर्यंत थांब. डबा घरून ने. चहा घे बाई, नाही म्हटलं तर उगाच रुसवे, आणि तिथला चहा तसाही पाणचट असतो. कारखान्यात शिरण्याआधी ओढ्याकाठच्या वस्तीवर जा, निदान दोन घरांत बस. नोटशीटवर 'कंपनीने आश्वासन दिले आहे' असं लिहायला हात गेला, तर आश्वासन कुणी दिलं, कधीपर्यंतचं आणि मागच्या आश्वासनाचं काय झालं, हेही त्याच ओळीत लिही. तेवढं लिहिता येत नसेल तर ती ओळ खोडून टाक.

तुझी,
मावशी