अंकोर वाटला कॅमेरा नेताना

प्रश्न : सोयाबीन निघालं की कंबोडियाला अंकोर वाट पाहायला जातोय. जुना डीएसएलआर सोबत नेतोय. काय सांभाळू?
– एक वाचक, दारव्हा तालुका (जि. यवतमाळ)

उत्तर : भाऊ, आपल्याकडं कॅमेऱ्याला धूळ छळते, तिकडं दमट हवा. एसी खोलीतून थेट बाहेर काढला की लेन्सला फ्रिजमधल्या तांब्यासारखा घाम फुटतो. खोलीतच प्लास्टिकच्या पिशवीत घट्ट बांधा. बाहेर अर्धाएक तास तसाच ठेवून मग उघडा. तोवर लेन्स बदलायची नाही म्हणजे नाही!

मंदिराचं तोंड पश्चिमेला. पहाटे तळ्याकाठी ही झुंबड, पण सूर्य उगवतो मंदिरामागून, आणि हाती येते शिखरांची काळी आकृती. मला विचाराल तर दुपारी चारला जा. पश्चिमेच्या ओवरीत भिंतीवर कोरलेलं कुरुक्षेत्र तेव्हा उजळतं. समुद्रमंथनाचं कोरीवकाम पूर्वेच्या ओवरीत, त्याला सकाळच हवी. हाफ पँट मात्र घरीच ठेवा, खांदे-गुडघे झाकलेले लागतात.