'कल्चरल कॉम्पिटन्सी'ला मराठीत काय म्हणावं?

प्रश्न असा आला आहे: "मी ऑस्ट्रेलियात डार्विनला पाळणाघरात काम करते. बरीच मुलं अ‍ॅबोरिजिनल कुटुंबांतली आहेत, दोन सहकारीही. नव्यानं येणाऱ्या मराठी मुलींसाठी टिपण लिहिते आहे. 'कल्चरल कॉम्पिटन्सी'ला 'सांस्कृतिक सक्षमता' चालेल का? आणि अ‍ॅबोरिजिनल म्हणजे आदिवासीच ना?"

'कल्चरल कॉम्पिटन्सी' म्हणजे वेगळ्या संस्कृतीतल्या माणसांसोबत त्यांना समजून घेऊन, मान राखून काम करता येणं. तिला 'सांस्कृतिक सक्षमता' म्हणणं चुकीचं नाही, पण ते परिपत्रकातून उचलल्यासारखं वाटतं. शिवाय सक्षमता ही एकदा मिळाली की मिळाली, वाहन चालवायच्या परवान्यासारखी. मी 'सांस्कृतिक भान' म्हणेन. भान ठेवावं लागतं, ते सुटतं, हरपतं, कधी दुसऱ्यानं आणून द्यावं लागतं. 'जाण'ही जवळचा शब्द आहे, पण जाण समोरच्याविषयी असते. भानात आपण स्वतः कुठे उभे आहोत, हेही येतं.

तिकडे हल्ली 'कल्चरल सेफ्टी'ही तुमच्या कानावर पडत असेल. ही कल्पना न्यूझीलंडची. माओरी परिचारिका इरिहापेटी रॅम्सडेन यांनी १९८० च्या दशकाच्या अखेरीस ती मांडली. सेवा घेणाऱ्याला सुरक्षित वाटलं की नाही हे त्यानंच ठरवायचं, देणाऱ्यानं नव्हे, हा तिचा गाभा. हिचं 'सांस्कृतिक सुरक्षा' मात्र करू नका. मराठी वाचकाला वाटेल, संस्कृती धोक्यात आली आणि कुणीतरी तिच्या रक्षणाला निघालंय! इथे शब्द शोधण्यापेक्षा सरळ वाक्य लिहा: 'आपण कोण आहोत हे इथे येणाऱ्या कुणालाही लपवावं लागू नये.'

आता 'आदिवासी'. अर्थानं जवळ आहे, कारण अ‍ॅबोरिजिनलचं लॅटिन मूळही 'आरंभापासून' असंच सांगतं. पण आपल्या डोळ्यांपुढे वारली, गोंड, कातकरी येतात आणि पाठोपाठ जातीचा दाखला. 'मूलनिवासी'ला इथल्या चळवळीचा रंग आहे. 'आदिम' तर नकोच. तेव्हा अ‍ॅबोरिजिनल तसाच ठेवा, पण विशेषण म्हणून: 'अ‍ॅबोरिजिनल कुटुंब', 'अ‍ॅबोरिजिनल माणूस'. 'अ‍ॅबोरिजिनी' हे जुनं नाम आज तिथे बोचतं. ऑस्ट्रेलियाच्या उत्तरेकडच्या टॉरेस सामुद्रधुनीतले बेटवासी हे अ‍ॅबोरिजिनलांहून वेगळे, हेही लिहा. त्याहून चांगलं म्हणजे लोक स्वतःला जे म्हणवतात ते नाव. डार्विनची भूमी लाराकिया लोकांची आहे. इंग्रजांनी वसाहत केली त्या १७८८ साली त्या खंडावर अडीचशेहून अधिक भाषा होत्या, तेव्हा 'त्यांची भाषा' असं एकवचन शक्यतो टाळा.

तुमच्या टिपणाचा जीव खरं तर नात्यांच्या शब्दांत आहे. आपल्याकडे अनोळखी बाईला 'आंटी' म्हटलं की ती फणकारते. तिथे 'आंटी' आणि 'अंकल' हे वडीलधाऱ्यांना द्यायचे मानाचे शब्द आहेत. मात्र ते आपल्या मनानं लावायचे नाहीत, बाकीचे काय म्हणतात ते आधी ऐकायचं. दुसरं, अनेक अ‍ॅबोरिजिनल समाजांत आईची बहीण ही आईच आणि वडिलांचा भाऊ हा बापच. 'माय मरो, मावशी जगो' म्हणणाऱ्यांना आणि घरात 'मोठी आई' असणाऱ्यांना हे समजायला जड नाही. पोर महिनाभर मावशीकडे असेल, तर त्याला 'आईनं टाकलेलं' म्हणू नका.

हे नुसतं शब्दांचं सोवळं नाही. विसाव्या शतकात, साधारण १९७० पर्यंत, सरकारी धोरणानं अ‍ॅबोरिजिनल मुलं घरातून उचलून संस्थांत आणि गोऱ्या कुटुंबांत ठेवली. १९९७ च्या 'ब्रिंगिंग देम होम' अहवालात ते सारं नोंदलं गेलं आणि १३ फेब्रुवारी २००८ रोजी पंतप्रधान केविन रड यांनी संसदेत माफी मागितली. त्यामुळे आपल्याला 'बालकल्याण' हा निरुपद्रवी शब्द वाटला, तरी तिथल्या आजीच्या कानाला 'वेल्फेअर' म्हणजे मुलं न्यायला आलेली गाडी. पहिल्याच भेटीत वही काढून प्रश्नांची सरबत्ती का करू नये, ते यावरून कळेल.

राहिला 'सॉरी बिझनेस'. कुणी गेल्यावर गणगोतानं जमून करायचा शोक. याला 'सुतक' म्हणू नका. सुतकात विटाळ आहे आणि मोजलेले दिवस आहेत. अनेक ठिकाणी गेलेल्याचं नाव काही काळ उच्चारत नाहीत. मध्य ऑस्ट्रेलियात तर त्याच नावाच्या जिवंत माणसालाही तोवर 'कुमन्जाई' अशी हाक मारतात. आपणही बांगडी फुटली न म्हणता 'वाढवली' म्हणतो, आणि नवऱ्याचं नाव घ्यायला बायकांना उखाण्याचा आडोसा लागायचा. एवढं सांगितलंत की मुलींना पटेल. आणि रजेच्या नोंदीविषयी एक ओळ जरूर घाला: सहकारी दुसऱ्यांदा 'आई गेली' म्हणाली, तर 'सख्खी का?' असं विचारू नका.