तीन संस्था, एक नदी: सुरुवात कुठून करावी?

प्रश्न: आमचं महाविद्यालय, एक अभियांत्रिकी महाविद्यालय आणि एक पर्यावरण संस्था मिळून मुठा नदीच्या पाण्याचा वर्षभर अभ्यास करणार आहोत. अनुदान मंजूर झालंय. अभियांत्रिकीवाल्यांना नदीत सेन्सर बसवायचेत, आम्हाला प्रयोगशाळेतल्या चाचण्या हव्यात, संस्थेला ॲप. ताई, तांत्रिक आराखडा कुठून सुरू करू?
– एक प्राध्यापिका, हडपसर

उत्तर: तिघांचंही मागणं रास्त आहे, पण आधी प्रश्न नेमका करा. ‘नदी किती घाण आहे’ यावर काही ठरवता येत नाही. ‘विठ्ठलवाडी ते संगम पूल या टप्प्यात पाण्यातला प्राणवायू कुठे आणि केव्हा सर्वांत खाली जातो’ यावर येतं. प्राणवायू बहुधा पहाटे तळाला जातो, कारण रात्री शेवाळं तो नुसता वापरतं, तयार करत नाही. कॉलेजच्या वेळेत घेतलेल्या नमुन्यात हे दिसणारच नाही. म्हणजे सेन्सर हवाच, आणि तो कशासाठी हेही कळलं.

नारायणगावजवळच्या खोडदला जीएमआरटी ही मोठी रेडिओ दुर्बीण उभारताना हेच झालं: आधी प्रश्न, मग यंत्र. खगोलशास्त्रज्ञ गोविंद स्वरूप आणि सहकाऱ्यांना लांब रेडिओलहरी टिपायच्या होत्या. अशा लहरींना भरीव पत्रा लागत नाही, तारेची जाळी पुरते. जाळीतून वारा निघून जातो, म्हणून सांगाडा हलका झाला आणि ४५ मीटर व्यासाच्या ३० अँटेना परवडल्या.

खरेदीआधी तिघं एकदा नदीवर जा. एकाच बादलीतलं पाणी नळीने, बाटलीच्या तळापासून हळूहळू भरून घ्या. बुडबुडा राहू देऊ नका. मँगेनीज सल्फेट आणि अल्कली आयोडाइड-अझाइड ही प्राणवायू बांधून ठेवणारी रसायनं काठावरच घाला. हे काम प्रयोगशाळेवर ढकललंत, तर लक्ष्मी रोडच्या गर्दीत गाडी अडकेपर्यंत जिवाणू प्राणवायू खात राहतात. त्याच बादलीत सेन्सर बुडवा. आकड्यांत किती फरक चालेल हे आकडे बघण्याआधी लिहून ठेवा. नंतर प्रत्येकाला आपलाच आकडा खरा वाटतो, हे मी फार पाहिलंय.

बीओडीचंही, म्हणजे घाण कुजवताना जिवाणू किती प्राणवायू खातात त्या मापाचंही, आधीच ठरवा. आपल्याकडे २७ अंशांना ३ दिवसांची पद्धत प्रमाण आहे, अनेक परदेशी पुस्तकांत २० अंशांना ५ दिवसांची. दोन्ही ढोबळमानाने जुळतात असं मानतात, तरी एका आलेखात मिसळू नका.

नोंदींचा तक्ता एकच ठेवा. ‘मोजलं नाही’ म्हणजे रिकामी चौकट, शून्य नव्हे. प्रत्येक नमुन्यासोबत खडकवासला धरणातून सोडलेल्या पाण्याचा, म्हणजे विसर्गाचा, त्या दिवसाचा आकडा हवाच.

सेन्सरवर शेवाळ धरतं. ते कोण पुसणार, त्या माणसाचं नाव करारात घाला. आणि सेन्सर काढता येईल असाच बसवा. विसर्ग वाढला की भिडे पूलसुद्धा पाण्याखाली जातो. ॲपचं काम तक्ता दोन महिने नीट भरला गेल्यावर सुरू केलं तरी चालेल.