पुण्याची गोळी, गावची गोळी

प्रश्न : डॉक्टरबाई, मी ५१ वर्षांची, नंदगड भागातल्या मराठी शाळेत शिकवते. पाळी जाऊन दोन वर्षं झाली. रात्री अंगातून वाफा निघायच्या, घामानं उशी भिजायची. भाचीनं पुण्याच्या डॉक्टरांशी व्हिडिओवर गाठ घालून दिली. त्यांच्या हार्मोनच्या गोळ्यांनी झोप लागू लागली. पण आता तीन महिन्यांनी अंग जड झालंय, पोट साफ होत नाही, केस गळतात. थायरॉईडची ७५ची गोळी आठ वर्षं गावच्या डॉक्टरांकडून घेते. पुण्याचं त्यांना सांगितलेलं नाही, त्यांचं मन दुखेल. कुणाचं औषध सोडू?
— एक शिक्षिका, खानापूर तालुका

उत्तर : ताई, आपल्या मनानं कुठलंच सोडू नका. उद्या सकाळी थायरॉईडची गोळी घेण्याआधी टीएसएचसाठी रक्त द्या. शरीराला थायरॉईडचं हार्मोन कमी पडलं की हा आकडा वाढतो. हिमोग्लोबिन आणि साखरही बघून घ्या, कारण थकव्याला कारणं अनेक असतात. तरी माझा पहिला संशय दोन गोळ्यांच्या गाठीवर आहे.

पोटात घेतलेलं इस्ट्रोजेन, म्हणजे पुण्याच्या गोळीतलं हार्मोन, आधी यकृतात जातं. यकृत मग थायरॉईडचं हार्मोन वाहून नेणारं प्रथिन जास्त बनवतं. तुमच्या ७५ मायक्रोग्रॅममधलं जास्त औषध त्यालाच चिकटून राहतं, शरीराच्या वाट्याला मोकळं कमी येतं. जिची ग्रंथी धड असते, तिची ती भरपाई करते. तुमची मदार गोळीवर आहे. म्हणून इस्ट्रोजेन सुरू केल्यावर सहा ते बारा आठवड्यांत अशा बाईचा टीएसएच पाहायचा असतो. तो वाढला असेल तर गावचे डॉक्टर डोस वाढवतील. कातडीला लावायच्या इस्ट्रोजेन जेलनं हा घोळ सहसा होत नाही, रक्ताच्या गुठळीची भीतीही गोळीपेक्षा कमी. पुण्याला तेही विचारा.

माझ्याच दवाखान्यातली गोष्ट सांगते. एका बाईचा टीएसएच वाढला, तेव्हा मी तिला रागावले, ‘गोळ्या चुकवतेस.’ ती मान खाली घालून गेली. पुढं तिच्या पिशवीत दुसरीकडच्या हार्मोनचं पाकीट दिसलं. मी विचारलंच नव्हतं. त्याचं मला अजून वाईट वाटतं. तेव्हापासून मी प्रत्येकीला सगळ्या गोळ्या टेबलावर मांडायला लावते.

पुण्याच्या डॉक्टरांनी चूक केली असं मी म्हणत नाही. तुमच्या वयाला, पाळी जाऊन दहा वर्षांच्या आत, हे उपचार पुष्कळ जणींना मानवतात. पण व्हिडिओवरून बीपी मोजता येत नाही, स्तन हातानं तपासता येत नाहीत. ते कुणी केलं? मॅमोग्राफी, म्हणजे स्तनांचा एक्स-रे, झाली नसेल तर बेळगावला करून घ्या. आणि गर्भाशय असेल तर सोबतची प्रोजेस्टेरॉनची गोळी कधीही गाळू नका. नुसत्या इस्ट्रोजेननं गर्भाशयाचं अस्तर वाढत जातं, त्यातून कॅन्सरही होऊ शकतो.

तुम्ही कर्नाटकात आणि चिठ्ठी महाराष्ट्रातली, म्हणून बिचकू नका. मार्च २०२० च्या टेलिमेडिसिनच्या नियमांप्रमाणे नोंदणीकृत डॉक्टर देशातल्या कुठल्याही रुग्णाला असा सल्ला देऊ शकतो. चिठ्ठीवर त्यांचा नोंदणी क्रमांक मात्र हवा.

आता मन दुखण्याचं. चिठ्ठीची प्रिंट काढा आणि संध्याकाळी गर्दी ओसरल्यावर गावच्या डॉक्टरांपुढं ठेवा. ‘डॉक्टर, झोप नव्हती म्हणून हे घेतलं, आता तुम्हीच बघा,’ एवढं म्हणा. आठ वर्षं तुमची नाडी धरणारा माणूस दोन शब्द बोलेलही, पण तुम्हाला टाकणार नाही. त्यांनी लिहिलेलं बीपी आणि रिपोर्ट तुम्ही पुण्याला पाठवा.

एक पाय सुजला, पोटरी दुखली, छातीत दुखून दम लागला, किंवा एकाएकी बोलणं अडखळलं, तर रेंज शोधत बसू नका. तडक गाडी करून बेळगाव गाठा. पाळी गेल्यावर पुन्हा रक्त दिसलं तर त्याच आठवड्यात स्त्रीरोगतज्ज्ञांना समक्ष दाखवा.

टीएसएच किती आला, ते मला कळवा.