तक्रार प्रचाराला उधार देऊ नकोस

प्रिय पोरी,

"काका, निवडणूक होईपर्यंत पोलिसांविरुद्धची तक्रार थांबवू का?" असं तू काल विचारलंस. फोनवर नुसतं "नको" म्हणालो. त्यामागचं सांगायचं राहिलं, म्हणून हे पत्र.

आचारसंहिता लागली की आपल्या ठाणे कोर्टाच्या आवारातसुद्धा "आता सगळं निकालानंतर" असं ऐकू येतं. नव्या योजना, घोषणा थांबतात हे खरं. पण कोठडीत मार खाल्लेल्या माणसाची तक्रार का थांबावी? उलट याच दिवसांत प्रतिबंधक कारवाया आणि तडीपारीच्या नोटिसा वाढतात. पोलीस आपले अधिकार जास्त वापरतात, तेव्हाच त्यांच्यावर नजर जास्त हवी.

दोन गोष्टींची गल्लत करू नकोस. निवडणुकीच्या कामावरचे पोलीस 1951 च्या लोकप्रतिनिधित्व कायद्याच्या कलम 28अ प्रमाणे तेवढ्या काळापुरते निवडणूक आयोगाकडे प्रतिनियुक्तीवर असतात. 2024 च्या विधानसभेच्या वेळी आयोगाने थेट राज्याच्या पोलीस महासंचालकच बदलल्या. पण बेकायदा अटक, कोठडीतली मारहाण, खंडणी यांची चौकशी हे पोलीस तक्रार प्राधिकरणाचं काम. सर्वोच्च न्यायालयाने 2006 मध्ये प्रकाश सिंह खटल्यात ते नेमायला सांगितलं आणि 2014 मध्ये आपल्या पोलीस कायद्यात ते आलं. निवडणूक संपते, हे काम संपत नाही.

आता माझी चूक सांगतो. वागळे इस्टेटमधल्या एका रिक्षावाल्याची तक्रार माझ्याकडे होती. ऐन प्रचारात एक उमेदवार मदत करतो म्हणाला आणि मी त्याला अर्जाची झेरॉक्स दिली. त्याने ती चौकसभेत फडकवली. पुढच्या तारखेला समोरच्या वकिलांनी तोच व्हिडिओ दाखवला: तक्रार राजकीय आहे! माझा सगळा दिवस खुलासे करण्यात गेला. रिक्षावाला बाकावर बसून पोचपावतीची घडी घालत होता, उलगडत होता. त्याच्या बरगड्यांबद्दल त्या दिवशी कुणी विचारलंच नाही. नंतर त्याने येणं सोडलं. त्याला दोष कसा देऊ? त्याचा कागद मीच दुसऱ्याच्या हातात दिला होता.

म्हणून सांगतो, कुठल्याही पक्षाचा माणूस, अगदी आपल्याला पटणाऱ्या पक्षाचाही, फाईलजवळ येऊ देऊ नकोस. प्राधिकरणाने कुणाचा दबाव घेऊ नये असं आपण म्हणतो, मग आपणही दबाव घेऊन तिथे जायचं नाही.

आणि सीसीटीव्हीचा अर्ज लगेच दे. सर्वोच्च न्यायालयाच्या 2020 च्या आदेशाप्रमाणे पोलीस ठाण्यातलं चित्रीकरण 18 महिने, अगदीच शक्य नसेल तर किमान वर्षभर जपायचं असतं. तरी वाट पाहू नकोस. तारीख, वेळ, कोठडी की बाहेरचा पॅसेज, सगळं लिही आणि आवक शिक्का घेतल्याशिवाय निघू नकोस. साहेब बदलून जातील, शिक्का राहील.

तुझ्या तक्रारीतल्या त्या ताई परवा कागद प्रचाराच्या पिशवीतून घेऊन आल्या होत्या. उद्या साधी फाईल घेऊन ये, आधी ते कागद तिच्यात लावू. मी दहा वाजता कोर्ट नाक्यावर आहे.

तुझा,
वकीलकाका