आधी अर्ज, मग अश्रू

चि. मुली,
आशीर्वाद.

शाळेच्या वाटेवर व्हॅनमध्ये मोठी मुलं तुझ्या लेकाला छळतात. त्यावर तुझा नवरा म्हणतो, पोरांचं चालतंच, त्यालाही दोन ठेवून द्यायला शिकव. सासूबाई म्हणतात, शाळा बदला. तू म्हणतेस, वर्गशिक्षिका समजूतदार आहेत, एकदा भेटून येते. परवा ही तिन्ही मतं माझ्यापुढे ठेवून तू विचारलंस, ‘बाई, यातलं कोणतं?’ खाली तुझी रिक्षा थांबली होती म्हणून नीट बोलता आलं नाही. यातलं एकही नाही. लेखी अर्ज दे, पोच घे, मग बाकीचं.

तू रडत होतीस आणि मी कागदाचं बोलत होते, तुला ते कोरडं वाटलं असणार. वाटू दे. शाळेच्या ऑफिसात आवक-जावक सांभाळण्यात माझी नोकरी गेली. त्या खिडकीतून जे दिसतं ते स्टाफरूममधून दिसत नाही. आई येते, मुख्याध्यापक साहेबांच्या केबिनमध्ये बसते, डोळे पुसते, ‘मी बघतो, काळजी करू नका’ हे ऐकून हलकी होऊन जाते. साहेब खोटं बोलत नसतात, त्यांना खरंच बघायचं असतं. पण त्याच दुपारी यू-डायसची, म्हणजे सरकारला द्यायची शाळेची माहिती भरायची असते, संचमान्यतेची, म्हणजे शिक्षकांची पदं मंजूर करून घ्यायची घाई असते, पोषण आहाराचा हिशेब अडलेला असतो, कुणाचं तरी शालार्थमधलं, म्हणजे ऑनलाइन पगाराचं बिल परत आलेलं असतं. तोंडी सांगितलेलं मधल्या सुट्टीपर्यंतसुद्धा टिकत नाही. अर्जावर आवक क्रमांक पडला की तो कुणाच्या तरी गळ्यात पडतो. तो निकाली काढावा लागतो. नाहीतर तपासणीला आलेला अधिकारी रजिस्टर उघडून विचारतो, याचं पुढे काय झालं?

आणि जनरल रजिस्टरमधला, म्हणजे प्रत्येक पोराच्या येण्याजाण्याची नोंद असते त्या वहीतला तो रकाना, शाळा सोडल्याचं कारण. ‘पालकांच्या विनंतीवरून’ हे शब्द मी माझ्या हाताने कितीदा लिहिले असतील. त्यातल्या काही पोरांचं खरं कारण मला माहीत होतं. शिपायाला माहीत होतं. व्हॅनवाल्या काकांना तर सगळ्यात आधी. पण कागदावर कुणीच काही दिलेलं नव्हतं, म्हणून दप्तरी ती पोरं आपखुशीने गेली. त्रास देणारा तिथेच राहिला, जूनमध्ये त्याला नवं गिऱ्हाईक मिळालं. अजून खुपतं ते मला. सासूबाईंना एवढं सांग. शाळा बदलायला माझी ना नाही, कधी कधी तेच शहाणपणाचं असतं. पण आधी अर्ज, मग दाखला.

नवऱ्याला काय सांगायचं ते जरा सविस्तर लिहिते, कारण हा ‘दोन ठेवून दे’वाला सल्ला घरोघरी दिला जातो. भांडण आणि छळ यांत फरक आहे. डॅन ऑल्वेयस म्हणून एक मानसशास्त्रज्ञ होते, नॉर्वेत त्यांनी शाळेतल्या छळावर आयुष्यभर काम केलं. त्यांच्या खुणा साध्या आहेत: त्रास मुद्दाम दिलेला, पुन्हा पुन्हा दिलेला, आणि ज्याला तो होतो त्याला परतवता न येणारा. तिसरी खूण महत्त्वाची. तुझा लेक सहावीतला, व्हॅनमध्ये त्याला खाली बसवणारे आठवीतले, आणि तेही टोळीने. त्याने हात उचलला तर एक तर जास्त मार खाईल, नाहीतर नेमका त्याच वेळी पकडला जाऊन शाळेच्या वहीत ‘दोघांनी मारामारी केली’ अशी नोंद होईल. मग तुझा अर्ज गेला पाण्यात.

याच कारणासाठी, शाळेने दोघांना समोरासमोर उभं करून ‘चला, हात मिळवा, आता मित्र’ असं करायचा घाट घातला तर शांतपणे नको म्हण. बरोबरीच्या भांडणात ते ठीक आहे. इथे तुझं पोर भीतीने हात पुढे करेल आणि व्हॅनमध्ये बसल्यावर त्याची किंमत मोजेल.

आता अर्जाचं. मुख्याध्यापकांच्या नावे लिही. विशेषणं नकोत. ‘अमानुष छळ’, ‘गुंड प्रवृत्ती’ असलं काही लिहिलंस की वाचणारा तुलाच आक्रस्ताळी ठरवतो. तारीख, वार, जागा, काय झालं, कुणी पाहिलं. ‘मंगळवारी शाळा सुटल्यावर व्हॅनमध्ये, पाथर्डी फाट्याच्या अलीकडे, डबा काढून घेतला, खाली बसायला लावलं, मोबाइलवर शूटिंग केलं.’ एवढं पुरे. पुढे मागणी कर, आणि तीही अशी की होय किंवा नाही असं उत्तर द्यावंच लागेल. व्हॅनमध्ये त्या मुलांची बसायची जागा बदलणार का? मधल्या सुट्टीत मागच्या जिन्याजवळ आणि संडासापाशी कोणते शिक्षक उभे राहणार? सीसीटीव्हीचं त्या दिवसाचं चित्रण जपून ठेवणार का? हे शेवटचं लगेच माग, कारण चित्रण काही दिवसांनी आपोआप पुसलं जातं. कारवाई काय केली ते लेखी कळवा, अशी ओळ शेवटी घाल.

दोन प्रती काढ. एक द्यायची, दुसरीवर शिक्का, तारीख, सही. ही तुझी स्थळप्रत. क्लार्क म्हणेल, ‘ठेवून जा, साहेब मीटिंगमध्ये आहेत.’ ठेवून जायचं नाही. मी स्वतः कितीतरी आयांना हेच म्हणायचे, म्हणून सांगते. खुर्ची ओढून बस. घेतच नाहीत म्हणाले तर शाळेच्या ईमेलवर पाठव आणि वर स्पीड पोस्टाने पाठव, पावती सांभाळ. पोच घेतल्याशिवाय तुझा अर्ज म्हणजे हवेत बोललेलं वाक्य.

कायद्याचा धाक अर्जात घालू नकोस, पण तुला माहीत असू दे. महाराष्ट्राचा रॅगिंगबंदीचा कायदा १९९९ चा आहे आणि तो कॉलेजांपुरता नाही. शिक्षण देणारी कोणतीही संस्था त्यात येते. चिडवणं, धमकावणं, भीती किंवा लाज वाटेल असं वागणं, सगळं त्याच्या व्याख्येत आहे. विद्यार्थ्याने, पालकाने किंवा शिक्षकाने लेखी तक्रार दिली की प्रमुखाने सात दिवसांत चौकशी करायची, तथ्य दिसलं तर त्या विद्यार्थ्याला निलंबित करून तक्रार पोलिसांकडे पाठवायची. दुर्लक्ष केलं तर प्रमुखानेच त्या गुन्ह्याला मदत केली असं धरतात. बघ, सात दिवस कधीपासून मोजायचे? लेखी तक्रार मिळाल्यापासून. तू समजूतदार बाईंना भेटून आलीस त्या दिवसापासून नाही.

शाळा सीबीएसई असेल तर २०१५ पासून त्या मंडळाच्या सूचना आहेत, छळविरोधी समिती असायला हवी. २०२४ मध्ये बदलापूरच्या शाळेत लहान मुलींवर अत्याचार झाला, त्यानंतर आपल्याकडे तक्रारपेटी, सीसीटीव्ही, मुलांच्या सुरक्षिततेसाठी शाळेत असते ती सखी सावित्री समिती यांवर सरकारने पुन्हा जोर दिला. तुझ्या शाळेत सखी सावित्री समितीवर कोण आहे, विचार. बरेचदा फलकावर नावं असतात आणि त्या नावांनाच ठाऊक नसतं. व्हॅनसाठी स्कूल बसचे २०११ चे नियम आहेत. प्रत्येक शाळेत परिवहन समिती लागते, मुख्याध्यापक तिचे अध्यक्ष, पालकांचा प्रतिनिधीही असतो. ‘व्हॅन खासगी आहे, आमचा संबंध नाही’ म्हणाले तर या समितीच्या नावाने वेगळा अर्ज टाक.

उत्तर आलं नाही तर जिल्हा परिषदेत शिक्षणाधिकाऱ्यांकडे, सोबत पहिल्या अर्जाची पोच जोडून. तिथेही आवक, तिथेही शिक्का. महिना गेला तरी हालचाल नसेल तर त्याच कार्यालयात माहितीच्या अधिकारात विचार, ‘माझ्या अमुक तारखेच्या अर्जावर काय कारवाई झाली?’ दहा रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प लागतो, तीस दिवसांत उत्तर द्यावं लागतं. या दहा रुपयांनी हललेल्या फायली मी पाहिल्या आहेत. पण हे सगळं पहिल्या पोचीवर उभं आहे, मी काही उगीच एकच तुणतुणं वाजवत नाही.

काही गोष्टींत मात्र सात दिवस काय, सात तास थांबायचं नाही. मार लागून खूण असेल तर नाशिकच्या त्र्यंबक रोडवरच्या सिव्हिल हॉस्पिटलला ने, जखमेची नोंद करायला सांग, फोटो काढून ठेव. कपडे काढायला लावणं, नको तिथे हात लावणं असं काही निघालं तर तो पॉक्सोचा, म्हणजे मुलांवरच्या लैंगिक अत्याचाराविरुद्धच्या कायद्याचा विषय आहे. तिथे शाळेलाही पोलिसांना कळवण्यावाचून पर्याय नाही, लपवणं हा गुन्हा आहे. पोराचा जबाब घरी घेता येतो आणि पोलिसांनी तेव्हा वर्दीत असायचं नसतं. ठाण्यात जायला धीर होत नसेल तर १०९८ हा मुलांसाठीच्या हेल्पलाइनचा नंबर लाव, चोवीस तास चालतो. ती क्लिप कुठे फिरत असेल तर जपून ठेव, पाठवणाऱ्याचा नंबर दिसेल असा स्क्रीनशॉट घे, शहराचं सायबर पोलीस ठाणं आहे. तू मात्र ती कुणालाही, अगदी माहेरीसुद्धा, पुढे पाठवू नकोस. वर्गाच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर त्या मुलांची नावं टाकायची नाहीत. बाल न्याय कायद्यात त्यांचीही ओळख उघड करायला मनाई आहे. आणि गेटवर त्या पोराची गचांडी धरायचा मोह नवऱ्याला होईल, त्याला आवर. तक्रारदार तुम्ही आहात, एका थपडेत आरोपी व्हाल.

लोक म्हणतात, एवढ्याशा पोरांवर पोलीस? मला त्या आठवीतल्या मुलाचीही काळजी आहे, तोही कुठून तरी शिकून आलाय. अठराच्या आतल्या मुलाला कुणी तुरुंगात टाकत नाही, त्याचा विचार बाल न्याय मंडळ करतं. कागद नसेल तर मात्र त्याच्याकडेही कुणी वेळेवर बघत नाही.

लेकाशी कसं बोलायचं, हे तू दोनदा विचारलंस. ‘आधी का नाही सांगितलंस’ हा प्रश्न गाळ. समोर बसवून विचारू नकोस, स्कूटीवर मागे बसव आणि सोमेश्वरला जाऊन ये. पाठीमागे बसलेली पोरं बोलतात. घरी आल्यावर त्याच्याच शब्दांत वहीत उतर, तारीख घालून. अर्ज त्यातूनच होईल. आणि द्यायच्या आधी तो त्याला वाचून दाखव.

माझा मुलगा सहावीत असताना त्याच्या शाळेत मी असाच अर्ज दिला होता, थेट शिक्षणाधिकाऱ्यांपर्यंत गेले होते. मुलं त्याला संडासात कोंडून बाहेरून कडी लावायची. त्यानंतर दहावीपर्यंत वर्गात त्याचं नाव ‘अर्जदार’ पडलं. आता पुण्याला असतो, दर दिवाळीला हसत हसत हे सांगतो. हसत, पण दर दिवाळीला. मी विचारते, कडी लागायची बंद झाली की नाही? तो म्हणतो, झाली, पण मला विचारायला हवं होतंस. सहावीतल्या पोराला काय विचारायचं? त्या वेळी माझ्या डोळ्यापुढे फक्त ती कडी होती. लोकांनी मला भांडकुदळ म्हटलं, नवऱ्याशी अबोला झाला, मी कुणाचं ऐकलं नाही आणि मला त्याचं वाईट वाटत नाही. कडी थांबली. त्याला कोण काय म्हणेल याचा हिशेब मी कसा मांडणार होते? तरी तू वाचून दाखव. ‘हे वाक्य नको’ म्हणाला तर ते काढ, सगळा अर्ज काढू नकोस.

शनिवारी सकाळी मी घरीच आहे. मसुदा हाताने लिहून आण, टाइप नंतर करू. लेकाची ती वही, व्हॅनवाल्याचा नंबर आणि शाळेची डायरी आण, डायरीत मागच्या पानांवर नियम छापलेले असतात, ते मला बघायचेत. नवऱ्याला यायचं असेल तर येऊ दे, चहा पाजीन, पण त्याला सांग की बोलणार मी आहे.

तुझ्या,
ऑफिसातल्या बाई